पाण्याखालचे पासबुक

घरात नवी वस्तू आणायची म्हटली की मराठी मध्यमवर्ग चार दुकाने फिरतो, दोन शेजाऱ्यांना विचारतो आणि मेहुण्याचे मत घेतल्याशिवाय पाकीट उघडत नाही. मिक्सरपासून मोटारीपर्यंत ही रीत चालत आली आहे आणि ती चांगलीच आहे. पण अलीकडे घरातली तरुण मंडळी अशा एका वस्तूचे नाव काढू लागली आहेत, की तिथे शेजारी आणि मेहुणा दोघेही निरुत्तर होतात. मुलगी तारकर्लीला, अंदमानला किंवा पुदुच्चेरीला जाऊन स्कुबा डायव्हिंगचा चार दिवसांचा कोर्स करते, प्रमाणपत्र घेऊन घरी येते आणि जेवताना जाहीर करते, "बाबा, मला आता स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचाय." आई म्हणते, "अगं, लॅपटॉप आहे की तुझ्याकडे!"

मग उलगडा होतो. हा टेबलावरचा कॉम्प्युटर नव्हे. ही मनगटावर बांधायची, घड्याळाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी वस्तू. आपण पाण्याखाली किती खोल आहोत, किती वेळ झाला आणि आणखी किती वेळ थांबता येईल, हे ती सांगते. साधा घ्यायचा तरी बऱ्यापैकी मोबाइलचे पैसे पडतात. भारीतला घ्यायचा तर त्याच्या कितीतरी पट. दुकानदार दहा नमुने पुढे ठेवतो, मित्र दहा सल्ले देतात आणि बाबा विचारतात, "घड्याळाला एवढे पैसे?"

मी बँकेत उभा जन्म हिशेब तपासण्यात घालवला. निवृत्तीनंतर, डॉक्टरांकडून रीतसर तपासून घेऊन आणि 'हे काय वय आहे का?' हे घरचे पालुपद ऐकून न ऐकल्यासारखे करून, मी बुडी मारायला शिकलो. त्यामुळे या खरेदीबद्दल माझे एक ठाम मत झाले आहे. पहिला डाइव्ह कॉम्प्युटर निवडताना 'यात काय काय आहे?' हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. पहिला प्रश्न असा असावा, की यावरचा आकडा मला वाचता येतो का आणि त्याचा अर्थ मला कळतो का? कारण ही वस्तू दिसायला घड्याळ असली तरी कामाने पासबुक आहे. आणि पासबुक किती देखणे आहे यापेक्षा ते खातेदाराला वाचता येते की नाही, यावर सगळे अवलंबून असते.

हे खाते कसले, ते आधी पाहू. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शरीराला त्याचा उपयोग नाही आणि जमिनीवर असेतो उपद्रवही नाही. पाण्यात मात्र दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर जमिनीच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा त्याच दाबाने फुप्फुसात येते आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळू लागतो. जितके खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. सावकाश वर आले तर तो जसा आला तसा श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आले तर सोड्याच्या बाटलीचे बूच उडाल्यावर जे होते, तेच रक्तात होते. बुडबुडे धरतात. कधी सांधे दुखण्यावर भागते, कधी मज्जारज्जूवर घाला पडून पाय कायमचे लुळे होतात. प्राणही जाऊ शकतो. यावर उपाय म्हणजे पुन्हा दाबाखाली ठेवण्याची खास कोठडी, आणि ती काही प्रत्येक किनाऱ्यावर नसते.

म्हणजे बँकेच्या भाषेत हे कर्जखाते झाले. खाली जाल तसा नायट्रोजन तुमच्या नावे पडतो, वर याल तशी परतफेड होते. मर्यादेच्या आत असाल तर केव्हाही सरळ वर येऊन मोकळे होता येते. मर्यादा ओलांडलीत तर मग हप्ते बांधून घ्यावे लागतात: ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटे थांबा, मग पुढच्या, मग वर या. कॅश क्रेडिट खात्यात 'ड्रॉइंग पॉवर' नावाची गोष्ट असते, म्हणजे या घडीला आणखी किती उचलता येईल. डाइव्ह कॉम्प्युटरवर मिनिटांचा एक आकडा सतत कमी होत जातो, तो हाच. न थांबता वर येण्याची मुभा अजून किती मिनिटे आहे, हे तो सांगतो. बाकी सारे आकडे त्याच्या आगेमागे.

हा हिशेब माणसाला फुकटात कळलेला नाही. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी लाकडाच्या प्रचंड उलट्या पेट्या बसवून, त्यांत दाबाची हवा भरून, मजूर आत खोदकाम करीत. पाळी संपवून वर आले की कित्येकांचे सांधे धरत, काही दगावले. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ मध्ये या दुखण्याने अंथरुणाला खिळला. पुढचे काम त्याने घराच्या खिडकीतून पाहिले आणि त्याची पत्नी एमिली त्याचे निरोप घेऊन पुलावर ये-जा करीत राहिली. १८८३ मध्ये पूल खुला झाला. नेमके कोणत्या गतीने वर यावे, हे मात्र तोवर कोणालाच सांगता येत नव्हते.

ते सांगितले जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, १९०८ मध्ये. त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी बकऱ्यांना दाबाच्या कोठडीत ठेवून प्रयोग केले. त्यातून निघालेली कल्पना आजही टिकून आहे. शरीर म्हणजे एक खाते नव्हे, अनेक खाती आहेत. काही अवयव नायट्रोजन झटपट घेतात आणि झटपट सोडतात, काही सावकाश घेतात आणि सावकाश सोडतात. हॉल्डेनने अशी पाच खाती मानली. सर्वांत वेगवान खाते ५ मिनिटांत अर्धे भरणारे, सर्वांत संथ ७५ मिनिटांत. पुढे झुरिचच्या अल्बर्ट बूलमान यांनी ही संख्या १६ वर नेली. त्यांच्या मांडणीत सर्वांत संथ खाते अर्धे भरायला ६३५ मिनिटे, म्हणजे दहा तासांहून अधिक वेळ घेते. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक डाइव्ह कॉम्प्युटरांत ही १६ खाती क्षणोक्षणी लिहिली जातात.

कॉम्प्युटर येण्यापूर्वी छापील तक्ते होते. मनोरंजनासाठी बुडी मारणाऱ्यांच्या एका प्रचलित तक्त्यात १८ मीटरवर ५६ मिनिटे आणि ३० मीटरवर अवघी २० मिनिटे दिलेली आहेत. तक्ता उत्तमच, पण त्याची एक अडचण होती. तुम्ही दोन मिनिटे १८ मीटरवर जाऊन उरलेला वेळ ८ मीटरवर घालवला, तरी तक्ता सगळा वेळ १८ मीटरचाच धरणार. पूर्वी बचत खात्यावर दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळे. एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर मिळू लागले. तक्ता आणि कॉम्प्युटर यांत फरक आहे तो याच जातीचा. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी खोली मोजतो आणि त्या त्या वेळची खरी नोंद करतो. १९८३ मध्ये 'ऑर्का एज' हे यंत्र अमेरिकेत बाजारात आले, आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबनीस हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागला.

आता मुद्द्याची गोष्ट. हा हिशेबनीस तुमच्या रक्तातला नायट्रोजन मोजत नाही. तो मोजतो फक्त पाण्याचा दाब आणि वेळ. उरलेला अंदाज असतो. तुमचे वय, पोटाचा घेर, काल रात्री किती वाजता झोपलात, उन्हात बोटीवर बसून पाणी प्यायलात की नाही, यातले त्याला काहीही ठाऊक नसते. त्याच्या लेखी एक काल्पनिक माणूस पाण्यात उतरला आहे आणि त्या माणसाचे पासबुक तो इमानेइतबारे भरतो आहे. म्हणून मर्यादेच्या आत राहूनही क्वचित कोणाला त्रास होतो. ऐंशीच्या दशकात बँकांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली तेव्हा आम्हाला पहिल्याच दिवशी बजावले होते, की बेरीज यंत्र करील, पण सही अधिकाऱ्याची. मनगटावरचा आकडा शून्यावर येईपर्यंत खाली रेंगाळणारा नवशिका मला कोऱ्या कागदावर सही करणाऱ्या माणसासारखा वाटतो.

यातूनच माझा दुसरा आग्रह येतो. प्रत्येक डोक्यामागे एक कॉम्प्युटर हवा. 'गाइडच्या हातावर आहे की', किंवा 'आम्ही दोघे बरोबरच असतो, एक पुरेल' हे युक्तिवाद मी पुष्कळ ऐकले आहेत. पण गाइड बोटीच्या दोरापाशी असतो आणि तुम्ही तीन मीटर खाली खडकातला मासा पाहत असता. त्याने काल सुट्टी घेतलेली असते, तुम्ही काल तीन बुड्या मारलेल्या असतात. खाते तुमचे आणि पासबुक त्याचे, असा हा व्यवहार. नवरा-बायकोचे संयुक्त खाते बँकेत चालते, पाण्याखाली चालत नाही. भाड्याने घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, की सकाळी जो कॉम्प्युटर बांधला तोच दुपारी आणि दुसऱ्या दिवशीही बांधावा. सकाळचा नायट्रोजन तुमच्या अंगात आणि त्याची नोंद दुसऱ्याच्या मनगटावर, असे झाले तर दुपारचा आकडा चक्क खोटा असतो.

ज्यांना सुट्टीत एकदाच, प्रशिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यात अर्धा तास मासे पाहायचे आहेत, त्यांनी मात्र या खरेदीच्या भानगडीत पडू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात अशी हजारो माणसे दरवर्षी पाण्यात उतरतात. त्यांची काळजी वाहणे हे प्रशिक्षकाचे काम. हा लेख आहे तो प्रमाणपत्र घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर, वर्षातून आठ-दहा वेळा तरी बुडी मारणाऱ्यांसाठी. त्यांनी आधी चेहऱ्यावर नीट बसणारा स्वतःचा मास्क घ्यावा आणि लगेच कॉम्प्युटर. कॅमेरा नंतर.

मग घ्यायचा कोणता? सर्वप्रथम आकड्यांचा आकार पाहा. पश्चिम किनाऱ्याचे पाणी अंदमानसारखे नितळ नसते. गढूळ पाण्यात, कमी उजेडात, हाताच्या अंतरावरून आकडा वाचता आला पाहिजे. चाळिशी लागलेल्यांनी तर दुकानात चष्मा काढून ही परीक्षा घ्यावी. आणि दिवा लावून उणे गुण मोजू नयेत: दुकानातल्या झगझगाटात सगळेच पडदे छान दिसतात, तेव्हा एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन पाहा. उरलेली मिनिटे, खोली आणि झालेला वेळ हे तीन आकडे एकही बटण न दाबता समोर दिसायला हवेत.

दुसरे, बटणे थोडी असावीत. केवळ एका बटणावर चालणारे चांगले नमुने बाजारात आहेत. क्रेसी या इटालियन कंपनीचा 'लिओनार्दो' त्यातलाच. तिसरे, वर येण्याचा वेग फार झाला तर ठळक इशारा मिळायला हवा. पूर्वी मिनिटाला १८ मीटर हा वेग चालत असे. आता ९ मीटर हा सर्वसाधारण दंडक आहे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून यायचे, ही सवय. चौथे, नायट्रॉक्सची सोय हवी. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवून नायट्रोजन कमी केलेली हवा. आज ना उद्या तिचा कोर्स कराल आणि ही सोय आता साध्या नमुन्यांतही मिळते. पाचवे, सावधपणाची पातळी वाढवता येते का ते पाहा. माझ्यासारख्या साठी उलटलेल्याने ती वाढवूनच ठेवावी. कर्जमर्यादा मंजूर झाली म्हणून सगळी उचलायचीच असते असे थोडेच आहे?

सहावे, बॅटरी. काहींत नाण्याएवढी बॅटरी असते, ती घरी बदलता येते. काही बॅटरी बदलायला कंपनीकडे पाठवावे लागतात. काही मोबाइलसारखे चार्ज करावे लागतात. ज्यांच्या बुड्यांत सहा-सहा महिन्यांचे अंतर पडते, त्यांना पहिला प्रकार सोयीचा. बदलताना तिथली रबरी कडी स्वच्छ आणि अखंड आहे ना, एवढे पाहायचे. रंगीत पडदा, होकायंत्र, सिलिंडरमधला हवेचा दाब बिनतारी दाखवणे, खोल पाण्यातल्या तज्ज्ञांसाठीच्या मिश्र वायूंचा हिशेब, मोबाइलचे निरोप... ही यादी लांबवता येईल. पहिल्या कॉम्प्युटरला यातले काहीच अत्यावश्यक नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो अगदी पोकळ नाही. 'एकदाच भारीतला घ्यावा. साधा घेतला तर दोन वर्षांत बदलावा लागतो, म्हणजे दुहेरी खर्च.' जो पुढे खोल पाण्याचे शिक्षण घेणार हे नक्की आहे, त्याच्या बाबतीत हे खरे आहे. रंगीत पडदा उतरत्या नजरेला खरोखरच मदत करतो, तेव्हा हात सैल सोडायचाच असेल तर तो पडद्यासाठी सोडावा. पण नवशिक्याचे ध्यान आधीच शंभर ठिकाणी असते. श्वास, तरंगणे, मास्कमध्ये शिरलेले पाणी, जोडीदार कुठे गेला... त्यात मनगटावर बारा आकड्यांची जत्रा भरली तर नेमका हवा तो आकडा हरवतो. साधे यंत्र पूर्ण कळणे हे भारी यंत्र अर्धे कळण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. शिवाय साधा कॉम्प्युटर पुढे दुसऱ्या मनगटावर राखीव म्हणून उपयोगी पडतोच.

घेतल्यावर माहितीपुस्तिका वाचावी. आपल्याकडे ती खोक्यातच राहते आणि वस्तू लगेच हाताला बांधली जाते. कर्जाच्या कागदावरची बारीक अक्षरे न वाचणाऱ्यांचे पुढे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. मर्यादा ओलांडून, सांगितलेले थांबे न घेता वर आलात तर बरेच कॉम्प्युटर रुसून बसतात आणि २४ किंवा ४८ तास पुढची गणिते करायचे नाकारतात. ही माहिती बोटीवर कळण्यापेक्षा घरच्या सोफ्यावर कळलेली बरी. यंत्र पाण्याखालीच बंद पडले तर बुडी तिथेच संपवून सावकाश वर यायचे आणि निदान एक दिवस कोरडे बसायचे, हेही त्यातच आले.

आणि एक गोष्ट, जी घरातल्या प्रवासाची तिकिटे काढणाऱ्यांनी लक्षात ठेवायची. शरीर पाण्याबाहेर आले तरी खाते लगेच शून्य होत नाही. विमानात केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, आणि उरलेल्या नायट्रोजनला बुडबुडे धरायला तेवढे निमित्त पुरते. एक साधी बुडी मारली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास आणि अनेक बुड्या किंवा अनेक दिवस झाले असतील तर किमान १८ तास थांबावे, असा 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेचा सल्ला आहे. अंदमानच्या सहलीत शेवटच्या सकाळी स्वराज द्वीपला एक बुडी आणि दुपारी परतीचे विमान, असा बेत आखणारे नातेवाईक तुम्हालाही माहीत असतील. आपल्या सिंधुदुर्गात विमानाचे काम घाट करतो. दोन दिवस भरपूर बुड्या मारून त्याच संध्याकाळी गाडी आंबोलीमार्गे वर काढली, तर दोन-तीन तासांत आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर पोचतो. रस्ता जमिनीवरचा आहे म्हणून दाब काही आपल्याला सवलत देत नाही. एक रात्र मालवणात काढावी, सोलकढी प्यावी आणि सकाळी निघावे. हे सांगायला कॉम्प्युटरवर छोटेसे विमानाचे चिन्ह असते. ते चिन्ह बघायचे, हे मात्र आपल्याला ठाऊक असावे लागते.

तेव्हा ज्या घरात ही खरेदी घाटत असेल, तिथल्या वडीलधाऱ्यांनी किमतीवरून वाद घालू नये. मनगटी कॉम्प्युटरातले त्यांना काही कळत नसले तरी चालेल; तीन प्रश्न तेवढे विचारावेत. "आणखी किती मिनिटे खाली थांबता येईल, तो आकडा यावर कुठे दिसतो? तू घाईने वर येऊ लागलीस तर हा काय करतो? आणि शेवटच्या बुडीनंतर विमानात किंवा घाटात कधी जायचे, हे तुला कसे कळेल?" पोरीने या तिन्हींची उत्तरे पुस्तिका न उघडता दिली, तर सर्वांत स्वस्त कॉम्प्युटरसुद्धा खुशाल घेऊन द्यावा. तिला उत्तरे येत नसतील, तर सर्वांत महागडा घेतला तरी तो दागिनाच ठरेल, आणि दागिने घालून पाण्यात उतरू नये असे आपल्या आज्या सांगतच असत.